पॉलिमर बायोकॉम्पॅटिबल आहे म्हणून त्यात काहीही भरून चालतं का?

प्रश्न असा आलाय: "पीएलजीए बायोकॉम्पॅटिबल आहे, एफडीए अप्रूव्ह्ड आहे, त्यात एक ग्रोथ फॅक्टर घालून हाडाच्या जागी महिनाभर हळूहळू सुटेल असा छोटा इम्प्लांट करायचाय. कुठला ग्रेड घ्यावा? आणि पॉलिमर आधीपासून सेफ ठरलेला आहे तर बायोकॉम्पॅटिबिलिटीच्या टेस्ट परत कराव्या लागतील का?"

पीएलजीए म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिडपासून बनलेला, शरीरात विरघळणारा पॉलिमर, आणि ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना वाढायचा सिग्नल देणारं प्रोटीन. ग्रेडचं सांगते, टेस्टचंही सांगते, पण आधी प्रश्नात जे धरून चाललंय ते जरा सोडवून घेऊ. इतकी वर्षं फॉर्म्युलेशनच्या कामात काढल्यावर माझं ठाम मत झालंय की असे प्रोजेक्ट चुकीचा पॉलिमर घेतला म्हणून कमी अडकतात आणि पॉलिमरला नुसता डबा समजलं म्हणून जास्त अडकतात. तो डबा नाहीये. तो पाणी ओढतो, फुगतो, तुटतो, आतलं वातावरण पार बदलून टाकतो, आणि हे सगळं चालू असताना तुमचं औषध तिथेच आत बसलेलं असतं.

पहिली गोष्ट, एफडीए, म्हणजे अमेरिकेची औषध नियामक संस्था, पॉलिमरला अप्रूव्हल देतच नाही. अप्रूव्हल मिळतं ते एका ठरावीक प्रॉडक्टला, म्हणजे तेच औषध, तोच डोस, तीच जागा, तीच बनवायची पद्धत. पीएलजीएची बरीच प्रॉडक्ट्स मंजूर आहेत, त्याचा फायदा एवढाच की पॉलिमरबद्दल भरपूर डेटा आहे आणि रेग्युलेटरला तो ओळखीचा आहे. हा फायदा मोठा आहे, नाही म्हणत नाही, पण तो तुमच्या इम्प्लांटला आपोआप लागू होत नाही.

दुसरी गोष्ट बायोकॉम्पॅटिबल या शब्दाची. डेव्हिड विल्यम्स यांची १९८७ ची व्याख्या आजही सगळे वापरतात, तिचा अर्थ साधारण असा की एखाद्या विशिष्ट वापरात, शरीराकडून योग्य तो प्रतिसाद मिळत असताना, मटेरियलने आपलं काम करायची क्षमता. यातलं "विशिष्ट वापरात" हे लोक वाचतात आणि सोडून देतात. ग्लायकोलाइड आणि लॅक्टाइड (पीएलजीएचेही हेच दोन घटक) यांचा ९०:१० कोपॉलिमर विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यात १९७० च्या दशकापासून वापरात आहे, धागा बारीक असतो, आजूबाजूला रक्तपुरवठा असतो, तयार होणारं ॲसिड वाहून जातं. त्याच घराण्यातल्या पॉलिग्लायकोलिक ॲसिडच्या जाड पिना आणि रॉड हाडं जोडायला वापरले तेव्हा काही पेशंटमध्ये काही आठवड्यांनी तिथे सूज आली, आतून पाणी झालं, कल्चर केलं तर जंतू नाहीत. जंतू असणारच नव्हते, एकाच जागी एकाच वेळी भरपूर पॉलिमर तुटला आणि तो कचरा टिश्यूला उचलता आला नाही एवढंच. मटेरियल जवळपास तेच, जागा आणि जाडी बदलली की प्रतिसाद बदलला. तुमचा इम्प्लांटही हाडात जाणार आहे म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

आता औषध बाहेर येतं कसं ते बघू, कारण ग्रेडची निवड त्यावर अवलंबून आहे.

सुरुवात सिलिकॉनपासून झाली. जूडा फोकमन आणि डेव्हिड लाँग यांनी १९६४ मध्ये दाखवलं की सिलिकॉन रबरमधून काही औषधं हळूहळू झिरपत बाहेर येतात. संततिनियमनाचे सिलिकॉनचे इम्प्लांट याच विचारातून आले, आणि आजचा एटोनोजेस्ट्रेल या हॉर्मोनचा दंडात बसवायचा रॉडही त्याच तत्त्वावर चालतो, फक्त पॉलिमर इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट आहे, ६८ मिलिग्रॅम औषध आणि काही वर्षं काम. हे इतकं छान जमतं कारण स्टेरॉइड हॉर्मोनचा रेणू लहान, तेलकट स्वभावाचा, पॉलिमरमध्ये स्वतः विरघळतो आणि पलीकडे जातो. प्रोटीनला हे जमत नाही. मोठे रेणू घट्ट पॉलिमरमधून बाहेर येणारच नाहीत असंच तेव्हा बहुतेकांना वाटायचं, पण १९७६ मध्ये रॉबर्ट लँगर आणि फोकमन यांनी दाखवलं की येतात. युक्ती अशी की प्रोटीनची पावडर पॉलिमरमध्ये मिसळली की पाण्याला पोचता येणारे कण आधी विरघळतात, त्यांच्या जागी पोकळ्या राहतात, त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि त्या वाकड्यातिकड्या बोळांतून बाकीचं प्रोटीन वाट काढत येतं. म्हणजे किती प्रोटीन भरलंय यावर ते बाहेर येणार की आतच अडकणार हे ठरतं. लोडिंग फार कमी ठेवलं तर कण सुटे सुटे राहतात, बोळ जोडलेच जात नाहीत.

पीएलजीएमध्ये यावर आणखी एक भानगड असते, पॉलिमर स्वतः तुटत असतो. पाणी आत शिरतं, एस्टर बाँड तुटतात, शेवटी लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिड उरतं, शरीर ते आपल्या नेहमीच्या रस्त्याने कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून टाकतं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण पाणी आत शिरण्याचा वेग तुटण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो, त्यामुळे तुकडा बाहेरून आत झिजत येत नाही, सगळीकडे एकदम तुटतो. पृष्ठभागाजवळचं ॲसिड बाहेर निघून जातं, मधलं अडकतं, आणि अडकलेलं ॲसिड तुटण्याची क्रिया अजून जोरात करतं. दोन-तीन मिलिमीटर जाडीची पट्टी ३७ डिग्रीच्या फॉस्फेट बफरमध्ये ठेवून काही आठवड्यांनी काढा आणि ब्लेडने मधोमध कापा. बाहेरचं कवच टणक, पांढरं, आकार जसाच्या तसा, आणि आतून चिकट घट्ट पाक बाहेर येतो. बाटलीतल्या बफरचा पीएच तोपर्यंत ७ च्या आसपासच असतो म्हणून वाटतं सगळं ठीक चाललंय. आत मात्र पीएच ३ च्याही खाली गेल्याची मापं घेतली गेलीत. तुमचं प्रोटीन त्या पाकात आहे!

म्हणून लोक जेव्हा ल्युप्रोलाइडचं (प्रोस्टेट कॅन्सरवरचं एक पेप्टाइड औषध) उदाहरण देतात की बघा पीएलजीएमध्ये पेप्टाइड घालून महिन्याचं इंजेक्शन १९८९ मध्येच मंजूर झालं, तेव्हा ते का चाललं हेही बघायला पाहिजे. ल्युप्रोलाइड नऊ अमिनो ॲसिडचं आहे, त्याला बिघडायला घडी अशी नाहीच, त्याच्यावरचा पॉझिटिव्ह चार्ज पॉलिमरच्या ॲसिड टोकांना धरून बसतो म्हणून ते एकदम धुऊन जात नाही, आणि डोस इतका कमी की ७.५ मिलिग्रॅम औषधाला जवळजवळ ६६ मिलिग्रॅम पॉलिमर देता आला. पहिल्या दिवशी थोडं जास्त सुटलं तरी फार बिघडत नाही. तुमच्या ग्रोथ फॅक्टरकडे यातलं काय काय आहे ते एकेक करून तपासा. प्रोटीनला घडी असते, ती मोडली की ते निरुपयोगी होतं, आणि कधी कधी निरुपयोगीपेक्षा वाईट, कारण गोळा झालेल्या प्रोटीनविरुद्ध शरीर अँटिबॉडी तयार करू शकतं.

मोठ्या प्रोटीनचं उदाहरण द्यायचं तर ह्यूमन ग्रोथ हॉर्मोनचं आहे. पीएलजीए मायक्रोस्फिअरमधलं, म्हणजे सूक्ष्म गोल कणांमधलं, ते प्रॉडक्ट १९९९ मध्ये मंजूर झालं. प्रोटीन झिंकबरोबर बांधून घट्ट केलं, पाणी-तेलाच्या इमल्शनला फाटा देऊन अतिथंड तापमानात कण बनवले, म्हणजे काळजी किती घेतली बघा. विज्ञान म्हणून ते यशस्वीच होतं. तरी २००४ मध्ये ते बंद केलं गेलं आणि कारण दिलं ते उत्पादन आणि विक्री चालू ठेवायला लागणाऱ्या मोठ्या खर्च-मेहनतीचं. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण पेपरात छान दिसणारी पद्धत आणि बॅचमागून बॅच तशीच निघणारी पद्धत यात किती अंतर आहे ते त्यातून कळतं.

बनवतानाचा त्रास तर वेगळाच. नेहमीची पद्धत म्हणजे प्रोटीनचं पाणी, त्याभोवती डायक्लोरोमिथेन या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेला पॉलिमर, आणि ते सगळं परत पीव्हीएच्या (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) पाण्यात, म्हणजे डबल इमल्शन. होमोजनायझर चालू केला की पाणी आणि सॉल्व्हंटच्या मधे प्रचंड मोठा पृष्ठभाग तयार होतो, प्रोटीन तिथे जाऊन पसरतं, उलगडतं आणि एकमेकांना चिकटतं. म्हणजे पॉलिमरचं ॲसिड नंतर येणार, त्याआधीच पहिल्या मिनिटात नुकसान झालेलं असू शकतं. ही तपासणी करायला पॉलिमर लागतच नाही, प्रोटीनचं द्रावण आणि डायक्लोरोमिथेन एका छोट्या व्हायलमध्ये घेऊन तुमच्या प्रोसेसइतका वेळ हलवा, पाण्याचा थर काढा, स्पिन करा, वर किती प्रोटीन राहिलं आणि त्यातलं किती ॲक्टिव्ह आहे ते बघा. इतकी साधी टेस्ट आहे आणि बहुतेक जण ती करत नाहीत, सहा महिने रिलीज स्टडी करतात.

रिलीज कर्व्हबद्दलही बोलायलाच पाहिजे. नेहमी दिसणारं चित्र असं की पहिल्या दिवशी ३०-४० टक्के बाहेर, मग रेषा आडवी, महिनाभर आडवीच, आणि खाली लिहिलेलं असतं सस्टेन्ड रिलीज. ते सस्टेन्ड नाहीये, ते थांबलंय. उरलेलं प्रोटीन आत गोळा झालंय किंवा पॉलिमरला चिकटलंय आणि ते कधीच येणार नाही. स्टडी संपल्यावर उरलेले कण विरघळवून आत काय उरलंय ते मोजा, बाहेर आलेलं अधिक आत उरलेलं मिळून सुरुवातीच्या जवळपास पोचतंय का बघा, आणि बाहेर आलेल्याची नुसती मात्रा नको, पेशींवर त्याचं काम बघा. आडव्या रेषेचा दुसरा अर्थही असतो. रिस्पेरिडोन या मानसिक आजारावरच्या औषधाच्या, दोन आठवड्यांनी द्यायच्या मायक्रोस्फिअर इंजेक्शनमध्ये पहिल्या दिवशी एक टक्क्याहून कमी औषध सुटतं आणि खरा रिलीज तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होतो, म्हणून पहिले तीन आठवडे गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. तिथे तो उशीर माहीत आहे, मोजलेला आहे, त्याप्रमाणे उपचार आखलाय. तुमच्या हाडाच्या जखमेत सिग्नल पहिल्या आठवड्यात लागत असेल आणि इम्प्लांट तिसऱ्या आठवड्यात जागा होत असेल तर उपयोग काय?

आता ग्रेड. लॅक्टाइडचा मिथाइल ग्रुप पाण्याला लांब ठेवतो म्हणून लॅक्टाइड जास्त तितका पॉलिमर सावकाश तुटतो. लॅक्टाइड-ग्लायकोलाइडचं प्रमाण ५०:५० असेल तर साधारण एक-दोन महिने, ७५:२५ चार-पाच, ८५:१५ पाच-सहा, असे आकडे सप्लायरच्या तक्त्यात असतात आणि सुरुवातीला ठीक आहेत. पण नुसत्या रेशोवर जाऊ नका, वर सांगितलेलं ल्युप्रोलाइडचं महिन्याचं इंजेक्शन ७५:२५ मध्येच आहे, कारण तिथे मॉलिक्युलर वेट, म्हणजे साखळ्यांची लांबी, कमी ठेवलंय. मॉलिक्युलर वेट आणि साखळीचं टोक, म्हणजे ॲसिड आहे की एस्टरने झाकलंय, हे रेशोइतकंच महत्त्वाचं आहे. ॲसिड टोकाचा पॉलिमर पाणी लवकर ओढतो, लवकर तुटतो. अजून एक, कोरड्या पीएलजीएचं ग्लास ट्रान्झिशन टेम्परेचर (ज्याच्यावर तो मऊ होतो ते तापमान) ४५ ते ५५ डिग्रीच्या आसपास असतं पण ओलं झाल्यावर ते बरंच खाली येतं, राहिलेलं सॉल्व्हंटही ते खाली ओढतं, आणि मग ३७ डिग्रीला कण मऊ होऊन व्हायलच्या तळाशी एकमेकांना चिकटून वडी जमते. अशी वडी जमली की रिलीजचे आकडे त्या वडीचे असतात, तुमच्या मायक्रोस्फिअरचे नाही.

पीएलजीएच वापरायचं असेल तर ५०:५०, कमी मॉलिक्युलर वेट, भिंती जितक्या पातळ तितकं बरं, सच्छिद्र असेल तर अजून बरं म्हणजे ॲसिड बाहेर जाईल, आणि आत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडसारखा आम्ल मारणारा क्षार थोडा घालून बघा, त्याने प्रोटीन टिकल्याचं २००० साली प्रसिद्ध झालेल्या कामात दाखवलंय.

पण खरं सांगू का, मी तुमच्या जागी असते तर पीएलजीएने सुरुवातच केली नसती. ग्रोथ फॅक्टरसाठी पाणीदार वाहक बरे, कोलॅजन, हायल्युरोनिक ॲसिड, अल्जिनेट, पीईजीचे (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) हायड्रोजेल. सॉल्व्हंट नाही, आम्ल नाही. अडचण उलटी असते, प्रोटीन भराभर निघून जातं. त्यावर मला सगळ्यात आवडणारा उपाय हेपरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा, आहे. बीएमपी-२ (हाड वाढवणारं), एफजीएफ-२, व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं) अशा बऱ्याच ग्रोथ फॅक्टर्सना हेपरिन धरून ठेवतं, शरीरात पेशींभोवतीच्या जाळ्यात हेपरान सल्फेट हेच काम करत असतं, तर जेलच्या साखळ्यांना थोडं हेपरिन जोडलं की प्रोटीन बांधलं जातं, सुटतं, परत बांधलं जातं, आणि बाहेर येण्याचा वेग त्यावर ठरतो. शिवाय बांधलेलं असताना प्रोटीनची घडीही बऱ्यापैकी शाबूत राहते. रक्ताला लागणाऱ्या सर्किट आणि ग्राफ्टवर तर हेपरिन सोडतच नाहीत, एका टोकाने पृष्ठभागाला पक्कं जोडतात म्हणजे गुठळी रोखणाऱ्या अँटिथ्रॉम्बिन या प्रोटीनला धरणारा भाग मोकळा राहतो आणि तिथल्या तिथे काम करतो. औषध सुटलंच पाहिजे असं कुठे आहे!

हाडाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र डोळ्यासमोर ठेवा. कोलॅजन स्पंजवरचं बीएमपी-२ पाठीच्या कण्यासाठी २००२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. स्पंज प्रोटीन फार धरून ठेवत नाही म्हणून डोस मोठा, १.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. कमरेच्या ठरावीक सर्जरीसाठी मंजूर झालेलं हे प्रॉडक्ट मानेच्या मणक्यांत वापरलं गेलं तेव्हा काही पेशंटना गळ्याजवळ इतकी सूज आली की श्वासाला अडथळा झाला, आणि २००८ मध्ये एफडीएला त्याबद्दल इशारा द्यावा लागला. कोलॅजन तेच, प्रोटीन तेच. म्हणजे बायोकॉम्पॅटिबिलिटी पॉलिमरची एकट्याची नसते, औषधाची, डोसची, सुटण्याच्या वेगाची आणि जागेची मिळून असते.

हृदयाच्या स्टेंटनी हेच वेगळ्या बाजूने दाखवलं. सिरोलिमस या पेशींची वाढ रोखणाऱ्या औषधाचा पहिला स्टेंट अमेरिकेत २००३ मध्ये आला, बहुतेक औषध महिन्याभरात सुटून जायचं, पॉलिमर मात्र कायम तिथेच. रक्तवाहिनी परत बुजण्याचं प्रमाण खूप घटलं, पण २००६ च्या सुमारास उशिरा होणाऱ्या गुठळ्यांची काळजी सुरू झाली आणि कायम राहणाऱ्या पॉलिमरकडे बोट गेलं. मग पूर्ण विरघळणारा पॉलिलॅक्टाइडचा स्टेंट २०१६ मध्ये मंजूर झाला, त्याच्या काड्या सुमारे १५० मायक्रॉन जाड, कारण पॉलिमरला धातूची ताकद नाही, आणि गुठळ्यांचं प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त निघून तो २०१७ मध्ये विक्रीतून गेला. विरघळणारं ते नेहमी चांगलं असं धरून चालू नका.

शेवटी टेस्ट. हो, कराव्या लागतील, आणि तयार झालेल्या, स्टेरिलाइझ केलेल्या इम्प्लांटवर कराव्या लागतील, सप्लायरच्या पावडरवर नाही. आयएसओ १०९९३ या वैद्यकीय उपकरणांच्या जैविक तपासणीच्या मानकामध्ये किती काळ, कुठल्या टिश्यूला लागणार यावरून काय काय बघायचं ते ठरतं. स्टेरिलायझेशनचा विचार आजच करा, नंतर नको. ऑटोक्लेव्हमध्ये पीएलजीए टिकत नाही, २५ किलोग्रेच्या गॅमा किरणांनी साखळ्या तुटतात आणि मॉलिक्युलर वेट खाली येतं म्हणजे तुमचा महिन्याचा इम्प्लांट तीन आठवड्यांचा होऊ शकतो, इथिलीन ऑक्साइडचा अंश आत राहतो, आणि प्रोटीनला यातलं बहुतेक काहीच मानवत नाही, त्यामुळे सुरुवातीपासून ॲसेप्टिक पद्धतीने बनवायची तयारी ठेवा. डायक्लोरोमिथेन किती उरलंय ते मोजा, मर्यादा ६०० पीपीएमची आहे.

पेशींवरच्या टेस्टमध्ये तीन गट घ्या: औषधासकट इम्प्लांट, औषधाशिवाय पण अगदी त्याच प्रोसेसमधून गेलेला इम्प्लांट, आणि नुसतं औषध. मधला गट लोक वाचवायला बघतात, तो वाचवू नका, कारण पेशी मेल्या किंवा नको तितक्या वाढल्या तर पॉलिमरमुळे, उरलेल्या सॉल्व्हंटमुळे की ग्रोथ फॅक्टरमुळे हे सांगायला दुसरा मार्ग नाही. प्राण्यांमध्ये इम्प्लांट केल्यावर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बघून थांबू नका, सुरुवातीला थोडी सूज, मॅक्रोफेज, भोवती पातळ कवच हे बहुतेक कुठल्याही इम्प्लांटला होतंच. खरी परीक्षा तुकडा आतून कोसळायला लागतो तेव्हा असते, तर तुमच्या ग्रेडचं मॉलिक्युलर वेट झपाट्याने खाली यायला कधी लागतं ते बफरमध्ये आधी काढून ठेवा आणि एक टाइम पॉइंट बरोबर तिथे ठेवा.